शिक्षकाच्या हाती आलेले पाचशे रुपये
मुळशी तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांची वाटचाल

शाळेचा इतिहास लिहायला घेतला की आपण आधी कोनशिला शोधतो. खोली कोणत्या साली बांधली, जागा कोणी दिली, उद्घाटनाला कोण आले, पट किती होता, शिष्यवृत्तीला किती मुले बसली, या नोंदी जपायलाच हव्यात. मुळशीतल्या जिल्हा परिषद शाळांच्या इतिहासाला आणखी एक धागा आहे आणि तो सहसा कुठे लिहिला जात नाही. चार भिंतींच्या खोलीचा शिकण्याजोगा वर्ग करण्यासाठी शिक्षकाच्या हातात कधी, किती आणि कोणत्या अटींवर पैसे आले, याचा हा धागा. रक्कम नेहमीच लहान होती. तरी आपल्या शाळांचे आजचे रूप घडण्यात तिचा वाटा फार मोठा आहे, म्हणून हा लेख.

तालुका आणि त्याच्या शाळा

मुळशी तालुक्यात दोन प्रकारच्या शाळा शेजारी शेजारी नांदतात. पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजी, भूगाव, पिरंगुट हा पट्टा. राजीव गांधी इन्फोटेक पार्क आणि पिरंगुटची कारखानदारी यांच्यामागून कामगारांची कुटुंबे आली आणि जिल्हा परिषदेच्या वर्गात मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक, उत्तर प्रदेश इथली मुले एका बाकावर बसू लागली. पश्चिमेला पौड ओलांडून माले, निवे, ताम्हिणीकडे निघाले की डोंगर, धरणाचे पाणी आणि मैलामैलावर विखुरलेल्या वाड्या. तिथे पहिली ते चौथीचे चारही वर्ग मिळून बारा-पंधरा मुले, शिक्षक दोन. पूर्वेला खोल्या पुरत नाहीत आणि पश्चिमेला पट पुरत नाही.

या विखुरलेपणालाही इतिहास आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 ते 1924 या काळात मुळशी पेट्यातले शेतकरी उभे राहिले आणि पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. धरण झालेच. भातखाचरे पाण्याखाली गेली आणि माणसे वर सरकली किंवा परागंदा झाली. पुढच्या काळात मोसे खोऱ्यात वरसगाव आणि मुठेवर टेमघर ही धरणे आली. गाव हलले की शाळाही हलणार. त्यामुळे इथल्या कित्येक वाड्यांत शाळा ही सरकारची पहिली, आणि पुष्कळ काळ एकमेव, पक्की खूण राहिली.

लोकल बोर्ड ते जिल्हा परिषद

मुंबई इलाख्यातल्या 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने ग्रामीण शाळांचा कारभार जिल्ह्याच्या लोकल बोर्डांकडे गेला. जुनी माणसे अजूनही ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात ती याच काळापासून. स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी, 1947 मध्ये, नवा प्राथमिक शिक्षण अधिनियम झाला आणि 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तेव्हापासून पंचायत समिती पौडला आणि शिक्षण विभाग पुण्याला, ही घडी बसली.

त्या काळी शाळा देवळाच्या ओवरीत, चावडीत किंवा कुणा पाटलाच्या पडवीत भरे. जमीन शेणाने सारवलेली, तिच्यावर मुले ओळीने बसलेली. शिक्षक एक, इयत्ता चार. साहित्य म्हणजे फळा, खडू, एखादा नकाशा आणि मोठी शाळा असली तर पृथ्वीचा गोल. याहून काही हवे असेल तर गुरुजींनी स्वतःच्या पगारातून आणायचे किंवा रानातून गोळा करायचे. मुळशीच्या रानाने त्यांना निराश केले नाही. कारवीच्या काड्या, हिरडे, चिंचोके, ओढ्यातल्या गारगोट्या यांवर इथल्या कित्येक पिढ्या बेरीज-वजाबाकी शिकल्या. दहा काड्या दोऱ्याने बांधल्या की दशक आणि उरलेल्या काड्या सुट्या, हे गणित पुस्तकाआधी हाताला कळत असे.

पैशाआधी आलेला विचार

वर्गातली जागा आणि वस्तू स्वतःच शिकवतात, हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत नेले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने, मातीचे गोळे यांतून शिक्षणाची साधने घडवली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची आणि गुरांमागे गेली तर कुरणात भरवायची, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले.

आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शेत, कार्यशाळा, स्वयंपाकघर, विजेचे काम या सगळ्याला त्यांनी शाळेच्या दालनाचा दर्जा दिला. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय काढले आणि साध्या खोल्यांत काय काय फुलू शकते हे दाखवले. आपले शिक्षक प्रशिक्षणात ही नावे ऐकत होते, पुस्तके वाचत होते. शाळेत परत आले की मात्र गळका पत्रा आणि रिकामे कपाट समोर असे. विचार पोहोचला होता, पैसा पोहोचला नव्हता.

खडू-फळा मोहीम

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून खडू-फळा मोहीम आली. शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि ठरवून दिलेले साहित्य, असे तिचे स्वरूप होते. तालुक्यातल्या पुष्कळ एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक आणि दुसरी खोली मिळाली ती या लाटेत. हे काम फार मोलाचे झाले.

साहित्य मात्र वरून ठरून पेटीत भरून आले. ते जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढले, आणि एकदा चढले की फुटले, हरवले, झिजले तर जबाब द्यायचा मुख्याध्यापकांनी. त्यामुळे देशभर अनेक शाळांत जे झाले तेच इथेही झाले. पेटी कपाटात राहिली आणि किल्ली टेबलाच्या खणात. मुलांच्या हातात जायला हवी ती वस्तू तपासणीच्या दिवशी दिसू लागली. दोष कोणा एका शिक्षकाचा नव्हता. वस्तू कुणी निवडली आणि तुटली तर कुणी भरायची, या दोन प्रश्नांची उत्तरे चुकीच्या जागी होती.

पाचशे रुपयांचे अनुदान

1994 पासून राज्यातल्या निवडक जिल्ह्यांत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात दरवर्षी शिक्षकाला साहित्यासाठी 500 रुपये आणि शाळेला 2,000 रुपये देण्याची तरतूद होती. लातूर, नांदेड, परभणी असे जिल्हे त्यात होते, पुणे नव्हता. आपल्याकडे हा पैसा आला तो 2001 मध्ये सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानातून.

अभियानाची पुढच्या काळात स्थिरावलेली घडी अशी: प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 500 रुपये शिक्षक अनुदान, प्राथमिक शाळेला 5,000 आणि उच्च प्राथमिकला 7,000 रुपये शाळा अनुदान, आणि तीन खोल्यांपर्यंतच्या शाळेला देखभाल-दुरुस्तीसाठी 5,000 रुपयांपर्यंत. म्हणजे ताम्हिणीकडच्या एखाद्या दोन खोल्यांच्या, दोन शिक्षकांच्या शाळेला सारे मिळून वर्षाला अकरा हजार रुपये. त्यांतले हजार रुपये शिक्षकांच्या विवेकावर सोडलेले. बाकीच्या रकमेवर पत्र्याचा, रंगाचा, बाकड्यांचा हक्क आधीच लागलेला असे.

हे हजार रुपये कसे खर्च झाले, ते पाहण्यासारखे आहे. पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन शिक्षक कार्डशीट, स्केचपेन, फेव्हिकॉल, रंगीत घोटीव कागद आणत. बोहरी आळीतून मणी, दोऱ्या, खिळे आणि ऑइलपेंटचे लहान डबे. पौडच्या बाजारातून रबर, चिकटपट्टी, पुठ्ठ्याची खोकी. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर वर्गात पसारा मांडून शब्दपट्ट्या कापल्या जात. कार्डशीटच्या एका मोठ्या कागदातून किती पट्ट्या निघतील याचा हिशेब असे, कारण कागद वाया गेलेला परवडणारा नव्हता. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला चित्र. चौथीतली मुले चित्र रंगवायची आणि पहिलीतली मुले सोमवारी ती पट्टी ओळखायची. दोन इयत्तांची सांगड त्या पट्टीने घातली. मुळशीसारख्या तालुक्यात, जिथे एक शिक्षक एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता सांभाळतो, तिथे अशा साहित्याशिवाय निभाव लागत नाही. शिक्षक दुसरीला गणित शिकवत असताना पहिलीच्या हातात काहीतरी असावेच लागते.

या खर्चाची पावती जोडायची, कीर्दीला नोंद करायची आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे, एवढीच अट होती. कोणती वस्तू घ्यायची, हे शिक्षक ठरवत असे. आपल्या शाळांच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. पाचशे रुपये ही रक्कम तेव्हाही थोडीच होती. तिच्याबरोबर आलेला निर्णय मात्र शिक्षकाला याआधी कुणी दिला नव्हता. ज्या वस्तूची निवड शिक्षकाची होती, ती झिजेपर्यंत वापरली गेली. फाटली तर त्याने नवी केली, कारण ती कशी करायची हे त्याच्या हाताला माहीत होते.

भिंती बोलू लागल्या

याच सुमारास दिल्लीच्या ‘विन्यास’ या संस्थेचे कबीर वाजपेयी आणि त्यांचे सहकारी यांनी मांडलेला ‘बाला’ हा विचार महाराष्ट्रात आला. शाळेची इमारत हेच शिकण्याचे साधन, हे त्याचे सूत्र. नवीन काही बांधायचे नाही, आहे त्या दाराखिडक्यांतून शिकवायचे. आपल्याकडे त्याला लोकांनी ‘बोलक्या भिंती’ म्हटले.

यातली एक युक्ती मला विशेष आवडते. वर्गाचे दार जिथे फिरते तिथे फरशीवर अर्धवर्तुळ काढून अंश रंगवायचे. दार किलकिले केले की तीस अंश, अर्धे उघडले की पंचेचाळीस, भिंतीशी काटकोनात आले की नव्वद. मुले दिवसभरात कितीदा दार उघडतात! कोन ही फळ्यावरची आकृती उरत नाही, हालचाल होते. पाचवीत कंपासपेटी हातात येते तेव्हा काटकोनापेक्षा लहान कोन कोणता आणि मोठा कोणता, हे त्या मुलाला सांगावे लागत नाही. आणि या सगळ्याला लागतो ऑइलपेंटचा एक डबा आणि एक ब्रश.

खिडकीच्या गजांवर मणी ओवून मोजणी, जमिनीवर संख्यारेषा आणि उड्यांचे चौकोन, खांबावर उंचीची पट्टी, पायऱ्यांवर पाढे, ओट्याच्या कडेला मुळाक्षरे, अशी कितीतरी रूपे तालुक्यातल्या शाळांत दिसू लागली. सह्याद्रीच्या कुशीतल्या शाळेला पाऊस हाही विषय असतो. प्लास्टिकची बाटली कापून, वरचा भाग उलटा बसवून केलेला पर्जन्यमापक, शेजारी पट्टी आणि भिंतीवर रोजच्या पावसाचे स्तंभ. जुलैत ताम्हिणीच्या बाजूला स्तंभ भिंतीच्या वर निघायला बघतात, तेव्हा प्रमाण लहान का घ्यायचे हे मुलांना आपोआप कळते. या साधनाला पैसे जवळपास लागतच नाहीत. ते करून बघण्याची मोकळीक लागते.

उणिवा

इतिहास प्रामाणिक असायचा तर उणिवाही लिहायला हव्यात. पहिली उणीव वेळेची. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि अनुदान बहुधा वर्ष सरता सरता, कधी मार्चएंडच्या तोंडावर, खात्यावर येई. हा अनुभव केवळ आपला नव्हता. शाळांपर्यंत पैसा कसा पोहोचतो याची 2009 पासून देशभर पाहणी झाली, तिच्यातही अनुदानाला होणारा उशीर ठळकपणे पुढे आला. मार्चमध्ये आलेला पैसा विचार करून खर्चता येत नाही. मग भिंतींना रंग दे, तयार तक्ते घे आणि प्रमाणपत्र पाठव, असे होऊन जाते.

दुसरी उणीव नकलेची. एका शाळेच्या बोलक्या भिंतींचे कौतुक झाले की दुसरीने तशाच रंगवून घ्यायच्या. रंगारी तोच, चित्रे तीच, अगदी शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. जी भिंत शिक्षकाने आणि मुलांनी विचार करून रंगवली ती शिकवते. जी ठेक्याने रंगवून घेतली ती काही दिवस सुंदर दिसते आणि नंतर मुलांच्या नजरेआड होते.

लोकसहभागाची लाट

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असण्याची अट आली. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी वर्ग उभे राहिले होते. ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून गेल्या. तिथून परतलेल्या शिक्षकांनी बाकडी बाजूला सारली, फरशीवर रंगीत आखणी केली आणि मुलांचे गट पाडले.

याच काळात लोकसहभाग वाढला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, माजी विद्यार्थ्यांनी टीव्ही संच दिले, पूर्वेकडच्या कंपन्यांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून खोल्या आणि स्वच्छतागृहे बांधून दिली.  लोकसहभागाचा लाभ मोठा होता, पण तो समान वाटला गेला नाही. मोठ्या रस्त्यालगतच्या शाळेत देणगीदार सहज पोहोचतो. पावसाळ्यात जिथे एसटी जेमतेम जाते, त्या वाडीला आधार उरतो सरकारी अनुदानाचाच. म्हणून लहान अनुदानाची खरी किंमत पश्चिम पट्ट्याला विचारावी.

संयुक्त अनुदानानंतर

2018 मध्ये समग्र शिक्षा आली. शाळेची वेगवेगळी अनुदाने एकत्र होऊन पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळू लागले. सध्याच्या निकषांनुसार 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000 आणि त्यापुढे पटाबरोबर वाढत 1,00,000 पर्यंत. निदान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखायची. मोठ्या शाळांना यात सोय झाली. बारा मुलांच्या शाळेला मात्र वीजबिल, पाणी, खडू, दुरुस्ती, स्वच्छता सारे त्याच दहा हजारांत बसवावे लागते. सर्वांत शेवटी उरतो तो शिक्षकाच्या कल्पनेचा खर्च, आणि शेवटी बहुधा काहीच शिल्लक नसते. शिक्षकाच्या नावाने असलेली छोटी रक्कम मोठ्या रकमेत विरघळली, तिच्याबरोबर तो निर्णयही.

तरी शिक्षक थांबले नाहीत. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा मोबाइलला रेंज नसलेल्या वाड्यांत शिक्षक ओट्यावर, झाडाखाली, देवळात वर्ग घेत फिरले. सोलापुरात निलमनगर भागातल्या शिक्षकांनी घरांच्या भिंती धड्यांनी रंगवल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याची त्यांची कल्पना एका लहानशा शाळेत जन्मली होती.

शिक्षकावर विश्वास ठेवून त्याला थोडे पैसे देण्याची वाट जगातही रुळली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातले एक शिक्षक चार्ल्स बेस्ट यांनी 2000 मध्ये ‘डोनर्सचूज’ सुरू केले. तिथे शिक्षक आपल्या वर्गाची नेमकी गरज लिहितो, चित्रकलेचे कागद असोत की सूक्ष्मदर्शक, आणि सामान्य नागरिक थोडी थोडी रक्कम घालून ती पुरी करतात. मागणी शिक्षकाची, निवड शिक्षकाची, हेच त्याचेही बलस्थान.

पुढची वाट

फेब्रुवारी 2023 मध्ये राष्ट्रीय पातळीवर ‘जादुई पिटारा’ आला. लहान मुलांसाठी खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपट्ट्या त्यात आहेत. त्याच वर्षी राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. या दोन्हींचा विचार करताना खडू-फळा मोहिमेचा आणि पाचशे रुपयांचा अनुभव आठवावा. पिटाऱ्याबरोबर शिक्षकाला भर घालण्यासाठी स्वतःची रक्कम मिळाली, तर तो कपाटात राहणार नाही. वाडीतली शाळा बंद करण्याआधी तिथल्या शिक्षकाला साधने द्यावीत, कारण घाटात रस्ता बंद झाला की सहा-सात वर्षांचे मूल दुसऱ्या गावच्या शाळेत पोहोचत नाही.

तालुक्यातल्या अनुभवातून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शिक्षकाच्या नावाने वेगळी रक्कम पुन्हा असावी. पाचशेची आजच्या भावाने काय किंमत होते हे पाहून ती ठरवावी, पण असावी. ती शाळा उघडताना, जूनमध्ये मिळावी. मुलांच्या हाताळणीत झिजलेल्या, तुटलेल्या साहित्याबद्दल कुणाला जबाब द्यावा लागू नये. साहित्य झिजले म्हणजे ते वापरले गेले. आणि केंद्राच्या दरमहा होणाऱ्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने आपण केलेले एक साधन आणावे, ते कसे केले आणि मुलांनी त्याचे काय केले हे सांगावे. पूर्वेच्या मोठ्या शाळेने पश्चिमेच्या वाडीकडून शिकावे असे पुष्कळ आहे, आणि उलटही.

आपल्या शाळांना जमिनी देणारे शेतकरी, भिंती सारवणाऱ्या आया-बहिणी, व्यवस्थापन समित्यांत वेळ देणारे पालक आणि शनिवारची दुपार कार्डशीट कापण्यात घालवणारे शिक्षक, यांनी मिळून ही संस्था उभी केली. त्यांतल्या शिक्षकांना या प्रवासात फार मोठी रक्कम कधीच मिळाली नाही. थोडी मिळाली आणि तिचे काय करायचे हे ठरवायची मुभा मिळाली, तेव्हा त्यांनी तिचे सोने केले. पुढच्या पिढीच्या शिक्षकांना ती मुभा पुन्हा मिळवून देणे हे तालुक्यातल्या आपणा सर्वांचे काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय पटलावर ठेवून त्याची सुरुवात करता येईल.